धुवांधार आणि धूर: वाफेची जुनी इंजिने पुन्हा रुळांवर आणावीत का?

भेडाघाटला संगमरवरी घळीत शिरण्याआधी नर्मदा जी उडी घेते, तिला धुवांधार म्हणतात. तुषारांचा धूर उसळतो म्हणून हे नाव. धबधब्यापासून थोड्याच अंतरावर इटारसी-जबलपूर लोहमार्गावर भेडाघाट नावाचे स्थानक आहे, आणि या मार्गावर शतकाहून अधिक काळ दुसरा, खराखुरा धूरही होता. तो आता नाही. विजेच्या तारांखालून मालगाड्या आणि जलद गाड्या निघून जातात. पाण्याचा धूर तेवढा उरला आहे.

हा मार्ग साधासुधा नाही. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदराहून ठाण्याला पहिली गाडी गेली. पुढे ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीने थळ घाट चढून भुसावळ, खांडवा, इटारसी असे रूळ नेले, आणि अलाहाबादकडून ईस्ट इंडियन कंपनीचे रूळ 1867 मध्ये जबलपूरला पोहोचले. मार्च 1870 मध्ये दोन्ही टोके जबलपूरला जोडली गेली आणि मुंबई-कलकत्ता प्रवास सलग रेल्वेने होऊ लागला. ज्यूल व्हर्नच्या ऐंशी दिवसांच्या जगप्रदक्षिणेचा हिशेब याच जोडणीच्या बातमीवर उभा आहे. कादंबरीत मात्र त्याने मधला थोडा मार्ग अपुरा ठेवला आणि नायकाला हत्तीवर बसवले.

इंधनही इथलेच होते. नरसिंहपूर जिल्ह्यात गाडरवाड्याजवळ मोहपानीच्या खाणी होत्या आणि रेल्वेची एक शाखा त्यांच्यापर्यंत जात असे. तो कोळसा पर्मियन काळातला, म्हणजे पंचवीस कोटी वर्षांहून जुना. याच प्रदेशातल्या थरांचा अभ्यास करताना भूवैज्ञानिक हेन्री मेडलिकॉट यांनी 1872 च्या सुमारास ‘गोंडवन’ हे नाव योजले. पुढे ते एका अख्ख्या महाखंडाला मिळाले. नर्मदेकाठून धावणारे इंजिन एका अर्थी गोंडवनाची अरण्येच जाळत होते.

हा सारा इतिहास पुन्हा चर्चेत येण्याचे कारण विरोधाभासी आहे. ‘हायड्रोजन फॉर हेरिटेज’ या योजनेत वारसा-मार्गांसह 35 हायड्रोजन गाड्या आणण्याचे भारतीय रेल्वेने 2023 मध्ये जाहीर केले. अंदाजित खर्च प्रत्येक गाडीस 80 कोटी रुपये, आणि मार्गावरील सुविधांसाठी आणखी 70 कोटी. त्याच वर्षी गुजरातेत एकतानगरला वाफेच्या इंजिनाचा मुखवटा चढवलेली विजेवरची गाडी सुरू झाली. दिसते वाफेसारखी, चालते विजेवर. बहुरूप्याचे कौतुक जरूर करावे, पण त्याला फौजदार समजू नये. मूळ प्रश्न त्यामुळे तसाच राहतो: खरी जुनी इंजिने दुरुस्त करून आधुनिक रेल्वेने चालवावीत का?

चालवू नयेत, या बाजूने बोलणाऱ्यांकडे आकडे आहेत. वाफेच्या इंजिनात कोळशातल्या उष्णतेपैकी जेमतेम सहा-आठ टक्केच चाकांपर्यंत पोहोचते. बाकीची धुरांड्यातून आणि बाहेर टाकलेल्या वाफेबरोबर निघून जाते. मुख्य मार्गावरचे जोडसामानही गेले आहे. पाणी भरायचे उंच नळ, राख पाडायचे खड्डे, इंजिन फिरवायचे टर्नटेबल, सारे मोडीत निघाले. मोठ्या इंजिनाच्या टेंडरमध्ये वीस हजार लिटरांहून अधिक पाणी मावते, तरी काही तासांत ते पुन्हा भरावे लागते. शिवाय वर 25 हजार व्होल्टची तार. टेंडरवर चढून फावड्याने कोळसा पुढे ओढणे ही फायरमनची एके काळची नित्याची हालचाल आज जीवघेणी ठरेल, आणि काजळी बसलेल्या विद्युतरोधकांची डोकेदुखी वेगळीच.

धोका बॉयलरमध्येही आहे, आणि तो वाफेपेक्षा पाण्यात अधिक आहे. डब्ल्यूपी वर्गाच्या इंजिनात दाब चौरस इंचाला 210 पौंड असे. त्या दाबाखाली पाणी दोनशे अंशांच्या आसपासही द्रवरूपच राहते. कवच फाटले तर दाब एकाएकी उतरतो, त्या पाण्याचा मोठा भाग क्षणार्धात वाफ होतो आणि शेकडो पटींनी फुगतो. म्हणून भट्टीच्या छतावर नेहमी पाणी असावेच लागते. पातळी उतरून छत उघडे पडलेच, तर त्यात बसवलेली शिशाची गुल्ली वितळते, वाफ भट्टीत घुसते आणि आगीचा जोर मारते. एवढी साधी युक्ती, पण तिच्यावर माणसांचे प्राण अवलंबून असत.

पाण्यातल्या क्षारांचे वैर याहून चिवट. भेडाघाटचा संगमरवर डोलोमाइटी आहे. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची कार्बोनेटे आहेत. अशा खडकांतून झिरपणारे पाणी ती विरघळवते आणि तापवले की खाली टाकते. चहाच्या भांड्यातला पांढरा थर तोच. बॉयलरच्या नळ्यांवर हा थर साचला की उष्णता पाण्यात जाईनाशी होते आणि धातू अतितप्त होऊन खचतो. म्हणून ठरावीक दिवसांनी बॉयलर निववून, झाकणे उघडून, आतून धुवावा लागे.

विरोधाचा आणखी एक मुद्दा संग्रहालयांतून येतो, आणि तो सर्वांत विचारी वाटतो: जुने यंत्र चालवले की झिजते, झिजले की सुटे भाग बदलावे लागतात, आणि काही दशकांनी मूळ धातू उरतच नाही. परंतु ‘फेअरी क्वीन’ची हकीकत याच्या उलट आहे. 1855 मध्ये लीड्सला बनलेले हे इंजिन 1909 मध्ये निवृत्त झाले आणि 1997 मध्ये पुन्हा गाडी ओढू लागले. 2011 च्या सुरुवातीला त्याचे भाग चोरीला गेले आणि पेरांबूरच्या कारखान्यात बरेचसे नव्याने घडवावे लागले. म्हणजे मोठे नुकसान धावण्याने झाले नाही, उभ्या इंजिनावर चोरांनी हात मारल्याने झाले. 1853 च्या पहिल्या गाडीला ‘साहिब’, ‘सिंध’ आणि ‘सुलतान’ ही तीन इंजिने होती असे सांगतात. आज त्यांपैकी एकाचाही ठावठिकाणा नाही. ज्या यंत्राची कोणाला रोज गरज नसते, ते भंगारात जायला फार वेळ लागत नाही.

चालवण्याचा खरा लाभ धातूपेक्षा हातांना होतो. तापल्या नळीचे तोंड पत्र्यात फुलवून घट्ट बसवणे, भट्टीत कोळसा पातळ आणि सारखा पसरणे, पाण्याच्या काचेतली पातळी चढावर फसवी असते हे ओळखणे, यांतले काहीही केवळ आराखड्यावरून शिकता येत नाही. चित्तरंजनच्या कारखान्याने ‘अंतिम सितारा’ हे ब्रॉडगेजचे शेवटचे वाफेचे इंजिन 30 जून 1970 रोजी बाहेर काढले, आणि ब्रॉडगेजवरची नियमित वाफ डिसेंबर 1995 मध्ये जालंधर-फिरोजपूर मार्गावर विझली. तेव्हा तिशीत असलेले फायरमन आता साठीत आहेत. निलगिरीच्या दातेरी मार्गामुळे मात्र तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्यात या शतकातही नवी वाफेची इंजिने बांधली गेली. मागणी टिकली म्हणून विद्या टिकली. माथेरानला 1982 मध्ये वाफ थांबली आणि तिथे ही साखळी तुटली. पुढे दार्जिलिंगहून एक इंजिन नेरळला आणले गेले, पण नित्याची वाफेची गाडी काही परतली नाही.

म्हणून इंजिन चालवावे, पण कुठेही नव्हे. भेडाघाटवरून जाणाऱ्या गजबजलेल्या मार्गावर ते आणणे हा हट्ट होईल. एका संथ गाडीसाठी दहा गाड्या खोळंबतील. योग्य जागा म्हणजे आखूड, तारा नसलेला, घाटातला मार्ग. मध्य प्रदेशातच पातालपाणी-कालाकुंड हा मीटरगेजचा तुकडा 2018 पासून वारसा-गाडीसाठी राखला आहे. आज तिथे डिझेल इंजिन धावते. जबलपूरला तर घरचाच मार्ग होता. गोंदिया-नैनपूर-जबलपूर हा 762 मिलिमीटर रुंदीचा सातपुडा मार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी बंगाल-नागपूर कंपनीने जंगलातून नेला. 2015 मध्ये जबलपूरकडची अरुंद गाडी बंद झाली आणि तिथे ब्रॉडगेज आले. ते यायलाच हवे होते. मंडला-बालाघाटच्या लोकांना दिवसभराच्या रखडपट्टीतून सुटका हवी होती. पण नर्मदेकाठचे दहा-बारा किलोमीटर राखले असते, तर नागपूरच्या मोतीबाग संग्रहालयातल्या आणि नैनपूरच्या जुन्या सामानाला धावायला जागा उरली असती. रूळ उखडले की इंजिन म्हणजे नुसते लोखंड.

असे इंजिन सकाळी सुटायचे असेल, तर आदल्या संध्याकाळीच भट्टी पेटवावी लागते. घाई चालत नाही. जाड पत्रा आणि पातळ नळ्या सारख्या वेगाने तापत नाहीत, आणि एकाएकी आच लावली तर सांधे गळू लागतात. आधी लाकडे, मग थोडा कोळसा, मग वाट पाहणे. दाबमापकाचा काटा जागचा हलेपर्यंत काही तास जातात, आणि तेवढा वेळ कोणीतरी जागे राहावे लागते.