लिपस्टिकच्या शेडपासून सुप्रीम कोर्टापर्यंत

आजचा एपिसोड सुचला तो आष्ट्यात. भावईला मावशीकडे गेलो होतो. मावसबहीण बारावी झालीय, तिला एअर होस्टेस व्हायचंय. मोबाईलवर ग्रूमिंगचे नियम वाचत बसली होती. मला म्हणाली, "दादा, टिकली अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा मोठी चालत नाही म्हणे. आईची टिकली लावून गेले तर दारातनंच परत पाठवतील!"

सगळे हसलो. मग मावशीनं विचारलं, "पण हे ठरवतं कोण रे?" आज त्याच प्रश्नाचा इतिहास.

सुरुवात अमेरिकेत. साल 1930. विमानात बसायला लोक घाबरायचे. एलन चर्च नावाच्या नर्सनं बोईंगच्या विमान कंपनीला सुचवलं, की विमानात नर्स ठेवा, लोकांना धीर येईल. कंपनीनं तिच्यासह आठ नर्स घेतल्या. म्हणजे हे काम सुरू झालं ते काळजी घेण्यासाठी. पण अटी बघा: अविवाहित हवी, वय पंचविशीच्या आत, वजन 115 पौंडांच्या आत, म्हणजे साधारण 52 किलो. विमानं लहान होती, त्यामुळे वजनाची अट एक वेळ समजू शकते. पण लग्नाचा आणि विमानाचा काय संबंध?

आता मुंबईला येऊ. 8 जून 1948 ला एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून लंडनला निघालं. पुढे एअर इंडियाचं आदरातिथ्य जगभर गाजलं. साडीतली हवाई सुंदरी ही तर कंपनीची ओळखच झाली. पण त्या साडीमागे सेवाशर्तींचं एक कलम होतं. एअर होस्टेसनं 35 व्या वर्षी निवृत्त व्हायचं. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं, तर त्याआधीच घरी. पहिल्यांदा दिवस गेले, तरी घरी. 35 नंतर मुदतवाढ द्यायची की नाही, हे मॅनेजिंग डायरेक्टरच्या मर्जीवर. आणि त्याच विमानात काम करणारा पुरुष फ्लाइट पर्सर? तो 58 पर्यंत!

याविरुद्ध नर्गेश मिर्झा आणि त्यांच्या सहकारी कोर्टात गेल्या. 1981 च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. गरोदरपणाची अट रद्द झाली. भारतीय स्त्रीत्वाचा हा अपमान आहे, अशा कडक शब्दांत कोर्टानं सुनावलं. मुदतवाढीची ती मर्जीही गेली. बाई तरुण आणि देखणी असली तरच प्रवाशांशी चांगलं वागेल, या विचारालाही कोर्टानं फटकारलं.

पण थांबा, विजय अर्धाच होता बरं का. चार वर्षं लग्न नको, ही अट कोर्टानं कायम ठेवली. कारणं काय? मुलगी तोवर समंजस होते, कंपनीचा ट्रेनिंगचा खर्च वाया जात नाही आणि कुटुंब नियोजनालाही मदत होते! स्त्री-पुरुषांच्या वयातला फरकही भेदभाव ठरला नाही, कारण कोर्टाच्या मते दोघांचे संवर्गच वेगळे.

मग हा विषय संपला का? नाही. 2009 मध्ये जास्त वजनाच्या कारणावरून एअर इंडियानं काही एअर होस्टेसना कामावरून काढलं. 2022 मध्ये कंपनी परत टाटांकडे आली आणि त्याच वर्षी ग्रूमिंगच्या नव्या नियमांची बातमी झाली. पांढरे केस दिसायला नकोत, रंगवा. अंबाडा फार उंच नको, फार खालीही नको. बांगडी एकच, तीही बिननक्षीची. आणि ती टिकली! फरक एवढाच, की आता पुरुषही यादीत आले. टक्कल पडायला लागलं असेल, तर पूर्ण डोकं भादरा.

सगळेच नियम वाईट असतात असं मी म्हणत नाही. बस कंडक्टरलाही गणवेश असतो. स्वच्छ कपडे, बांधलेले केस यात अर्थ आहे. धुरानं भरलेलं विमान रिकामं करताना मोकळे केस अडचणच करतील. पण पांढऱ्या केसांनी आपत्कालीन दार उघडायचं थांबत नाही.

या कामाचा खरा कस कुठे लागतो, ते 5 सप्टेंबर 1986 ला कराचीत दिसलं. मुंबईहून निघालेलं पॅन ॲमचं विमान तिथे अतिरेक्यांनी ताब्यात घेतलं. नीरजा भानोत तेव्हा 22 वर्षांची होती. प्रवाशांना वाचवताना ती गेली. तिला मरणोत्तर अशोक चक्र मिळालं. त्या दिवशी तिच्या लिपस्टिकची शेड कोणी बघितली असेल?

म्हणून मी बहिणीला सांगितलं, फॉर्म बिनधास्त भर. मेकअप शिकायला आठवडा लागतो, तोही शीक. पण प्रत्येक नियमाला एक प्रश्न विचार: हा प्रवाशाच्या जिवासाठी आहे, की त्याच्या नजरेसाठी? आणि सही करण्याआधी वय, लग्न, बाळंतपण यांबद्दलची कलमं नीट वाच. टिकलीचा नियम पहिल्या पानावर दिसतो, ही कलमं शोधावी लागतात.

मावशी आतून म्हणाली, "आणि माझ्या टिकलीला नावं ठेवू नका!"

तुमच्या नोकरीत असा कुठला नियम आहे? नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!