पाचवे शील आणि राजदंड

दिनांक १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी आपल्या लाखो अनुयायांना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतील सतरावी प्रतिज्ञा मद्यपान न करण्याची आहे. त्याआधी अवघी पाच वर्षे, म्हणजे १९५१ साली, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या निवडणूक जाहीरनाम्यात मात्र त्यांनी सरकारी दारूबंदीला स्पष्ट शब्दांत विरोध केला होता. या दोन गोष्टी शेजारीशेजारी ठेवल्या की पुष्कळांचा गोंधळ उडतो. टीकाकार त्यात विसंगती पाहतात आणि आपल्यापैकी काहीजण जाहीरनाम्याचा उल्लेख करण्याचेच टाळतात. आमच्या मते ही विसंगती केवळ वरवरची आहे. शील आणि दंड यांत पालि तिपिटकाने जो भेद केला आहे, तो ध्यानी घेतला म्हणजे १९५१ आणि १९५६ या एकाच भूमिकेच्या दोन बाजू ठरतात. दारू, गांजा, अफू इत्यादी पदार्थ कायद्याने बंद ठेवावेत की खुले करावेत, हा वाद आज जगभर चालू असताना हा भेद तपासून पाहणे उपयुक्त ठरेल.

प्रथम शब्दाचा विचार करू. पाचव्या सिक्खापदात ‘सुरामेरयमज्जपमादट्ठान’ असा दीर्घ समास येतो. विनयपिटकातील स्पष्टीकरणानुसार सुरा ही पीठ, भात, किण्व इत्यादींपासून होते, तर मेरय हे फुले, फळे, मध, गूळ यांच्या आसवांपासून होते. आपल्याकडील मोहाची व गुळाची दारू या वर्णनात सहज ओळखू येते. ‘मज्ज’ म्हणजे मद आणणारे ते सर्व. म्हणून गांजा-अफू यांचा शब्दशः उल्लेख नसला तरी अर्थाने ते यात येतातच. समासाचा भार मात्र ‘पमादट्ठान’ या पदावर आहे. पमाद म्हणजे सावधपणा सुटणे. द्रव्य त्याज्य ठरते ते पमादाचे स्थान आहे म्हणून. ‘सिक्खापद’ याचा अर्थही शिकण्याचे पाऊल असा आहे. ते मनुष्य स्वतः ग्रहण करतो. ते कोणी त्याच्यावर लादत नाही.

भिक्खुसंघात हा नियम कसा आला, याची हकीकत पाचित्तिय क्रमांक ५१ मध्ये दिली आहे. भद्दवतिकेजवळ अम्बतित्थ येथे सागत नावाच्या भिक्खूने एका भयंकर नागाचे दमन केले. ती कीर्ती कोसंबीला पोहोचली. आर्यांना दुर्लभ व प्रिय असे काय द्यावे, असे तेथील उपासकांनी विचारले असता छब्बग्गिय भिक्खूंनी कापोतिका नावाची स्वच्छ दारू सुचविली. घरोघरी सागतापुढे तीच ठेवण्यात आली आणि तो नगराच्या वेशीत कोसळला. त्याला उचलून आणल्यावर तो तथागतांकडे पाय करून निजला. नागाला जिंकणारा हा भिक्खू आता साध्या पाणसापाशी तरी झुंजू शकेल काय, असा प्रश्न भगवंतांनी भिक्खूंना केला आणि नियम घातला.

या हकीकतीतील तीन गोष्टींकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. सागताला प्रमादात ढकलणारे हात दुसऱ्यांचे होते, हे ग्रंथ लपवीत नाही. दुसरे असे की, प्रथम करणाऱ्याला दोष लागत नाही या विनयाच्या सामान्य तत्त्वानुसार सागताला शिक्षा झालेली नाही. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. हिंसा, चोरी, कामाचार आणि असत्य यांचे गंभीर रूप भिक्खूला पाराजिकापर्यंत, म्हणजे संघातून कायमचे जाण्यापर्यंत नेते. मद्यपान मात्र पाचित्तियात येते. त्याची शुद्धी सहधम्मिकापुढे कबुली देऊन होते. नियम कडक आहे, परंतु परतीची वाट मोकळी आहे.

औषधाच्या बाबतीतही अशीच विवेकी दृष्टी महावग्गाच्या भेसज्जक्खंधकात दिसते. पिलिन्दवच्छ यांना वातविकार झाला असता वैद्यांनी मद्य घालून तेल कढविण्यास सांगितले, आणि भगवंतांनी त्यास अनुज्ञा दिली. पुढे काही भिक्खू त्यात मद्याचे प्रमाण वाढवू लागले. तेव्हा मद्याचा रंग, गंध व चव जाणवणार नाही इतपतच तेल प्यावे आणि अधिक मिसळलेले तेल अंगाला चोळण्यासाठी वापरावे, अशी मर्यादा घालण्यात आली.

गृहस्थांना उद्देशून केलेल्या सिगालोवाद सुत्तात मद्याचे सहा तोटे सांगितले आहेत : धनहानी, कलह, रोग, अपकीर्ती, निर्लज्जपणा आणि प्रज्ञेची दुर्बलता. येथे राजाचे भय दाखविलेले नाही. परिणाम समोर मांडून तरुण सिगालाला विचार करावयास लावले आहे. अंगुत्तर निकायात उपासकाने न करावयाचे पाच व्यापार दिले आहेत. शस्त्र, प्राणी, मांस आणि विष यांच्या पंक्तीला तेथे मज्जवणिज्जा, म्हणजे मद्याचा व्यापार बसविला आहे. पिणाऱ्याला उपदेश आणि विकणाऱ्याला स्पष्ट नकार, असा हा क्रम आहे.

मग राजाचे काय? चक्कवत्तिसीहनाद सुत्तातील धर्मराजा दंडाविना व शस्त्राविना पृथ्वी जिंकतो आणि शरण आलेल्या राजांना पाच शीलांचाच उपदेश करतो. मद्य पिऊ नये हा त्यातील पाचवा भाग होय. म्हणजे राज्यसंस्थेने या प्रश्नात पडूच नये, असे हे सुत्त म्हणत नाही. परंतु त्याच सुत्तात पुढे असा राजा येतो, जो निर्धनांना धन देत नाही. दारिद्र्य वाढते, चोऱ्या होतात. तो आधी पकडलेल्या चोराला पैसे देतो, तेव्हा चोऱ्या वाढतात. नंतर शिरच्छेद करू लागतो, तेव्हा लोक स्वतःच शस्त्रे घेऊ लागतात. कूटदन्त सुत्तातील पुरोहित हाच धडा सरळ सांगतो : शेतकऱ्याला बी-बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल, सेवकाला वेतन द्यावे, म्हणजे राज्य निर्भय होते. ही सुत्ते चोरीविषयी आहेत, मद्याविषयी नाहीत, हे मान्य करूनही कारण तसेच ठेवून केवळ दंड वाढविल्याने काय होते, याचे त्यांतील निदान येथेही लागू पडते असे आम्हांस वाटते.

आता मुंबई इलाख्याच्या इतिहासाकडे वळू. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळण्यावर सरकारी नियंत्रण आणले. १८९२ च्या कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवरही निर्बंध घातले. गरिबाचे मडके गुन्ह्याचे ठरले आणि मक्तेदाराचे दुकान कायद्याचे ठरले. हेतू व्यसनमुक्तीचा नसून महसुलाचा होता. १९२७ च्या मार्चमध्ये मुंबईच्या कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना बाबासाहेबांनी हेच वर्म उघडे केले. सरकार शिक्षणावर माणशी चौदा आणे खर्च करते आणि अबकारीतून माणशी दोन रुपयांहून अधिक वसूल करते, हे दाखवून त्यांनी मागणी केली की, लोकांकडून अबकारीत जेवढे घेतले जाते तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर खर्चावे. मज्जवणिज्जा करणारे राज्य त्यांनी असे आकड्यांत पकडले.

पुढे काँग्रेस मंत्रिमंडळाने १९३९ साली मुंबई शहरात दारूबंदी आणली. संविधान सभेत २४ नोव्हेंबर १९४८ रोजी आजच्या सत्तेचाळिसाव्या अनुच्छेदातील मद्यनिषेधाची तरतूद चर्चेस आली. कोल्हापूरच्या खर्डेकरांनी तिला विरोध केला. जयपाल सिंग यांनी आदिवासींच्या धार्मिक जीवनातील तांदळाच्या बियरचा प्रश्न मांडला. बाबासाहेबांनी दुरुस्ती स्वीकारली, परंतु मार्गदर्शक तत्त्व असल्यामुळे ती केव्हा व कशी अमलात आणावी याचे स्वातंत्र्य राज्याला राहते, हेही स्पष्ट केले. औषधी उपयोगाचा अपवाद या अनुच्छेदात आहे, आणि तो वाचताना आम्हांस पिलिन्दवच्छांच्या तेलाची आठवण होते.

१९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर बंदी सर्वत्र लागू झाली. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बलसारा खटल्यात कायदा बव्हंशी ग्राह्य धरला, पण मद्यार्कयुक्त औषधे व प्रसाधने यांसंबंधीचा भाग रद्द केला. त्याच वर्षी आलेल्या फेडरेशनच्या जाहीरनाम्यातील युक्तिवादाचा आशय असा : बंदीमुळे गाळप हा घरगुती धंदा झाला, पूर्वी पुरुषच पीत, आता घरातच भट्टी लागल्याने स्त्रिया व मुलेही त्यात ओढली गेली, आणि जो महसूल बुडाला तो लोकांच्या कामी आला असता. वैद्यकीय दाखल्यावर परवाना मिळविणारा एक वर्ग होता आणि हातभट्टीच्या छाप्यात सापडणारा दुसरा. बाबासाहेबांचा विरोध दुसऱ्या वर्गाच्या अनुभवातून आलेला होता. दारूचे समर्थन त्यात कोठेही नाही.

हा प्रश्न संपलेला नाही. ज्या चंद्रपुरात १६ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षा समारंभ झाला, त्या जिल्ह्यात स्त्रियांच्या दीर्घ आंदोलनानंतर १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी झाली आणि अवैध विक्री व गुन्हे वाढल्याचे कारण देऊन २०२१ साली ती उठविण्यात आली. उलट, परवानाधारक दुकाने खुली असलेल्या मुंबईत मालवणी येथे जून २०१५ मध्ये विषारी दारूने शंभरांवर माणसे मेली. बंदीने हातभट्टी वाढते, हे खरे. पण परवान्याने गरीब वाचतो, असेही नाही. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात सेवनासाठीही कैदेची शिक्षा आहे, परंतु स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला खटल्यातून मुक्त करणारे ‘६४ अ’ हे कलमही आहे. पोर्तुगालने २००१ पासून स्वतःच्या वापरापुरते पदार्थ बाळगणे फौजदारी गुन्ह्यातून काढले आणि व्यापार मात्र गुन्हाच ठेवला. पिणारा व विकणारा यांत भेद करण्याची ही दिशा आम्हांस विनयाच्या अधिक जवळची वाटते.

येथे एक आक्षेप येईल आणि तो गंभीर आहे. ज्या स्त्रीची मजुरी नवरा गुत्त्यावर उडवितो, तिला शील आणि दंड यांतील भेद सांगून काय उपयोग? तिला दुकान आज बंद हवे आहे. आमचे उत्तर असे की, तिची मागणी मुख्यतः विकणाऱ्याविरुद्ध आहे आणि मज्जवणिज्जेचा निषेध तिच्याच बाजूने उभा आहे. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक स्त्री-मतदारांनी ‘आडव्या बाटली’ला कौल दिल्यास गावातील किंवा प्रभागातील दुकान बंद होते. शलाका घेऊन बहुमत ठरविणाऱ्या संघाच्या परंपरेला ही रीत परकी नाही. येथे बंदी वरून येत नाही. ज्यांना त्रास होतो, त्याच ती ठरवितात.

१९५१ साली बाबासाहेबांनी पोलिसाच्या हातातील दंड नाकारला. १९५६ साली त्यांनी शील लोकांच्या स्वतःच्या हाती दिले. पहिली गोष्ट केवळ नकार राहिली असती, तर गुत्ता जिंकला असता; दुसरी गोष्ट कायद्यावर सोपविली असती, तर ती प्रतिज्ञा उरली नसती. म्हणून सतरावी प्रतिज्ञा सरकारकडून पाळून घ्यावयाची नाही, ती आपण पाळावयाची आहे. आपल्या वस्तीत व्यसनात सापडलेला माणूस दिसला, तर सागताप्रमाणे त्यालाही उचलून आणणारे हात हवेत. आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या रात्री आपल्याच वस्तीतील गुत्त्यासमोर रांग लागत असेल, तर तो जाब आपण सरकारला विचारण्याआधी स्वतःला विचारला पाहिजे.