चिंतेवर प्रोबायोटिकचा उतारा?

भीती वाटली की पोटात गोळा येतो, काळजीत असलेल्या माणसाला अन्न गोड लागत नाही आणि महत्त्वाच्या मुलाखतीच्या दिवशी सकाळपासूनच शौचाच्या खेपा सुरू होतात. मन आणि पोट यांचे हे नाते भाषेला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. मनातील खळबळ पोटापर्यंत पोहोचते, याबद्दल वैद्यकशास्त्रातही दुमत नाही. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत संशोधकांना पडलेला प्रश्न मात्र उलट दिशेचा आहे. पोटातील घडामोडी मनापर्यंत पोहोचतात का? आणि पोहोचत असतील, तर आतड्यांतील जिवाणूंमध्ये बदल घडवून मनाची चिंता कमी करता येईल का?

हा प्रश्न आता प्रयोगशाळेपुरता उरलेला नाही. मनःस्वास्थ्यासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रोबायोटिक कॅप्सूल आणि पुड्या सहज विकत मिळतात. त्यांना डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही आणि मानसोपचारतज्ज्ञाची पायरी चढण्याचा संकोचही आड येत नाही. बंगळुरूच्या 'निम्हान्स' संस्थेने 2015-16 मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, नैराश्य व चिंताविकार यांसारखे सर्रास आढळणारे मनोविकार असलेल्यांपैकी सुमारे 85 टक्के लोक उपचारांपासून दूर असल्याचे दिसून आले होते. अशा समाजात एखादी पुडी 'चिंतेवर गुणकारी' म्हणून घरात येते, तेव्हा तिच्यात तथ्य किती, हे पाहणे अगत्याचे ठरते.

प्रोबायोटिक म्हणजे काय, याची सर्वमान्य व्याख्या जागतिक आरोग्य संघटना व अन्न आणि कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी 2001 मध्ये केली. पुरेशा प्रमाणात दिल्यास आरोग्याला लाभ करून देणारे जिवंत सूक्ष्मजीव, असा तिचा आशय आहे. व्याख्या लहान असली, तरी तिच्यातील तीन अटी महत्त्वाच्या आहेत. सूक्ष्मजीव जिवंत हवेत, पुरेसे हवेत आणि त्यांचा लाभ सिद्ध झालेला हवा. 

कल्पना मात्र याहून बरीच जुनी आहे. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील शास्त्रज्ञ एली मेचनिकॉफ यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी आंबवलेल्या दुधातील जिवाणू दीर्घायुष्याला पोषक असल्याचे मत मांडले आणि युरोपात दह्याची लाट आली. (त्यांना 1908 मध्ये मिळालेले नोबेल पारितोषिक मात्र रोगप्रतिकारशक्तीवरील संशोधनासाठी होते, दह्यासाठी नव्हे.) त्याच सुमारास, 1910 मध्ये, लंडनच्या बेथलेम रुग्णालयातील डॉक्टर जॉर्ज पोर्टर फिलिप्स यांनी विषण्णतेच्या अठरा रुग्णांना लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू दिले. त्यांपैकी अकरा जण पूर्ण बरे झाल्याचे त्यांनी नोंदवले. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. त्यामुळे हे रुग्ण जिवाणूंमुळे बरे झाले, काळाच्या ओघात झाले की डॉक्टरांनी आस्थेने लक्ष दिल्यामुळे झाले, हे सांगता येणे शक्य नव्हते. शंभर वर्षांनंतरही या विषयाची मुख्य अडचण बरीचशी तीच आहे.

पोटातून मेंदूकडे

मानवी शरीरातील जिवाणूंची संख्या सुमारे 38 लाख कोटी असावी, असा अंदाज इस्रायलमधील वाइझमन संस्थेच्या संशोधकांनी 2016 मध्ये मांडला. शरीरातील पेशींच्या संख्येशी ती साधारण बरोबरी करते आणि या जिवाणूंपैकी बहुतेक मोठ्या आतड्यात वसतीला असतात. आतड्यांच्या भिंतीत कोट्यवधी मज्जापेशींचे स्वतंत्र जाळे असते. मेंदूच्या तळापासून पोटापर्यंत उतरणारा व्हेगस हा मज्जातंतू या दोन टोकांना जोडतो. त्याचे बहुसंख्य धागे मेंदूकडून पोटाकडे नव्हे, तर पोटाकडून मेंदूकडे संदेश नेतात. याखेरीज जिवाणूंनी तंतुमय अन्न आंबवून तयार केलेली मेदाम्ले, रोगप्रतिकारक पेशींनी सोडलेली रसायने आणि तणावाची संप्रेरके, अशा इतर वाटाही आहेत.

येथे एका लोकप्रिय विधानाचा समाचार घेणे भाग आहे. शरीरातील सुमारे 90 टक्के सेरोटोनिन आतड्यांत तयार होते, म्हणून आनंदाचा कारखाना पोटात आहे, असे सर्रास सांगितले जाते. पहिला भाग खरा आहे, निष्कर्ष मात्र चुकीचा. आतड्यांतील सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. मेंदू स्वतःचे सेरोटोनिन स्वतःच तयार करतो. आतड्यांतील सेरोटोनिनचे मुख्य काम आतड्यांची हालचाल व स्राव यांच्याशी निगडित आहे.

उंदरांची कहाणी

या विषयातील आधुनिक संशोधनाला खरी चालना मिळाली ती जपानमधील क्यूशू विद्यापीठात. नोबुयुकी सुदो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या, म्हणजे आतड्यांत एकही जिवाणू नसलेल्या उंदरांना काही काळ कोंडून ठेवले. नेहमीच्या उंदरांच्या तुलनेत त्यांच्या रक्तातील तणावाची संप्रेरके कितीतरी अधिक वाढली. बिफिडोबॅक्टेरियम इन्फँटिस हा एकच जिवाणू त्यांच्या आतड्यांत वसवल्यावर ही अतिरेकी प्रतिक्रिया ओसरली. सामान्य उंदरांच्या आतड्यांतील जिवाणू दिल्यावरही सुधारणा झाली, परंतु ते लहान वयात दिले तरच. मेंदूच्या जडणघडणीच्या काळात जिवाणूंचा काही वाटा असावा, असा त्याचा अर्थ लावला गेला.

पुढे 2011 हे वर्ष महत्त्वाचे ठरले. आयर्लंडमधील कॉर्क येथील जॉन क्रायन आणि कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठातील जॉन बिनेनस्टॉक यांच्या गटांनी लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस या जिवाणूचा 'जेबी-1' हा वाण उंदरांना खाऊ घातला. उंदरांची चिंता मोजण्याची एक रूढ पद्धत आहे. जमिनीपासून उंचावर अधिक चिन्हाच्या आकाराचा मार्ग असतो. त्याच्या दोन बाजू भिंतींनी बंदिस्त, तर दोन उघड्या असतात. बिचकणारा उंदीर बंदिस्त बाजूला दडून राहतो, धीट उंदीर उघड्या बाजूला फिरून येतो. जिवाणू खाल्लेले उंदीर अशा चाचण्यांत अधिक धीट ठरले. त्यांच्या मेंदूतील 'गाबा' या शामक रसायनाच्या ग्राहकांतही बदल आढळला. झोपेच्या व चिंतेच्या अनेक गोळ्या याच ग्राहकांवर काम करतात. सर्वांत लक्षणीय बाब पुढची. व्हेगस मज्जातंतू कापलेल्या उंदरांवर जिवाणूंचा काहीही परिणाम झाला नाही. संदेश कोणत्या तारेतून जातो, याचा इतका नेटका पुरावा क्वचितच मिळतो.

त्याच वर्षी मॅकमास्टर विद्यापीठातीलच दुसऱ्या एका गटाने भित्र्या जातीच्या आणि धीट जातीच्या उंदरांमधील जिवाणूंची अदलाबदल केली, तेव्हा स्वभावाचीही काही अंशी अदलाबदल झाली. परंतु चित्र इतके सरळ नाही. स्वीडनमधील कॅरोलिन्स्का संस्थेच्या संशोधकांना 2011 मध्येच जंतुविरहित उंदीर सामान्य उंदरांपेक्षा कमी चिंताग्रस्त आढळले. तणावाची संप्रेरके अधिक, पण वर्तन अधिक धीट, हा विरोधाभास उत्साही लेखांतून बहुधा गाळला जातो.

माणसांवरील चाचण्या

माणसांवरील पहिल्या नावाजलेल्या चाचण्यांपैकी एक फ्रान्समध्ये झाली. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत 55 निरोगी स्वयंसेवकांना तीस दिवस लॅक्टोबॅसिलस हेल्व्हेटिकस व बिफिडोबॅक्टेरियम लाँगम यांचे मिश्रण किंवा हुबेहूब तसेच दिसणारे निष्क्रिय चूर्ण देण्यात आले. जिवाणू घेणाऱ्यांच्या प्रश्नावलींत मानसिक त्रासाचे गुण कमी झाले. 2013 मध्ये तर अशा जिवाणूंसाठी 'सायकोबायोटिक' असा नवा शब्दही रूढ करण्यात आला. नाव आधी आणि पुरावा मागाहून, असा हा प्रकार होता.

कारण पुढच्या चाचण्यांनी हा उत्साह टिकू दिला नाही. हेल्व्हेटिकस व लाँगम यांचेच मिश्रण न्यूझीलंडमध्ये मनःस्थिती खालावलेल्या 79 जणांवर आठ आठवडे वापरून पाहण्यात आले. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन्ही गटांत म्हणावा असा फरक पडला नाही. उंदरांना धीट करणाऱ्या 'जेबी-1'ची परीक्षा कॉर्कच्याच संशोधकांनी 29 निरोगी पुरुषांवर घेतली. त्यांची चिंता, तणावाची संप्रेरके आणि स्मरणशक्ती यांपैकी कशावरही त्याचा प्रभाव दिसला नाही. आपल्याच गाजलेल्या शोधाला छेद देणारा हा निष्कर्ष त्यांनी 2017 मध्ये प्रांजळपणे प्रसिद्ध केला, ही गोष्ट मुद्दाम नोंदवण्यासारखी आहे. अर्थात, जे मुळात चिंताग्रस्तच नव्हते त्यांची चिंता कितीशी कमी होणार, ही शंकाही रास्त आहे.

मग त्रास असलेल्या रुग्णांचे काय? मॅकमास्टर येथेच 'इरिटेबल बाऊल सिंड्रोम' आणि त्यासोबत सौम्य ते मध्यम चिंता किंवा नैराश्य असलेल्या 44 रुग्णांवर झालेल्या चाचणीत नैराश्याचे गुण सुधारले, चिंतेचे मात्र नाहीत. लंडनमध्ये 2023 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, औषधे चालू असूनही पुरेसा आराम न पडलेल्या नैराश्याच्या 49 रुग्णांना चौदा वाणांचे मिश्रण किंवा निष्क्रिय कॅप्सूल देण्यात आली. येथे जिवाणू घेणाऱ्यांचे नैराश्य व चिंता दोन्ही तुलनेने अधिक कमी झाले. इराणमध्ये चिंताविकाराच्या 48 रुग्णांना सर्ट्रालिन या औषधाच्या जोडीने प्रोबायोटिक दिल्यावर केवळ औषध घेणाऱ्यांपेक्षा चिंतेत अधिक घट झाली. या शेवटच्या दोन चाचण्या आशादायक आहेत. परंतु दोन्हींत प्रोबायोटिक औषधाच्या जोडीला होते, त्याच्या जागी नव्हते, आणि दोन्ही चाचण्या लहान होत्या.

अशा विखुरलेल्या चाचण्या एकत्र करून पाहिल्यास काय दिसते? अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठाच्या संशोधकांनी 2018 मध्ये प्राण्यांवरील 22 आणि माणसांवरील 14 अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. प्राण्यांमध्ये चिंता कमी होते, माणसांमध्ये तसा पुरावा नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढच्या वर्षी 34 नियंत्रित चाचण्यांच्या दुसऱ्या विश्लेषणात चिंतेवर परिणाम आढळला, परंतु तो अत्यल्प होता. संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरणारा, पण रुग्णाला स्वतःला जाणवेलच असे नाही, इतका. चिंतेच्या चाचण्यांत निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांनाही बऱ्यापैकी बरे वाटते, हे ध्यानात घेतले म्हणजे एवढ्याशा फरकाचे मोल आणखी घटते. अनेक अभ्यासांना प्रोबायोटिक विकणाऱ्या कंपन्यांचे अर्थसाहाय्य असते. त्यामुळे निष्कर्ष आपोआप खोटा ठरत नाही, पण वाचणाऱ्याने सावध असावे हे बरे.

प्रोबायोटिकमध्ये काहीच अर्थ नाही, असा सूर काढणेही तितकेच चूक ठरेल. ओडिशाच्या ग्रामीण भागात साडेचार हजारांहून अधिक नवजात अर्भकांवर झालेली आणि 2017 मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी याची साक्ष आहे. लॅक्टोबॅसिलस प्लँटारमचा एक विशिष्ट वाण व त्याला पोषक शर्करा आठवडाभर दिल्याने जंतुसंसर्ग व मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण 9 टक्क्यांवरून 5.4 टक्क्यांवर आले. फरक असा, की तेथे वाण ठरलेला होता, कारण ठरलेले होते आणि चाचणी हजारोंवर झाली होती. चिंतेच्या बाबतीत असा अभ्यास अद्याप झालेला नाही. एका वाणाचा गुण दुसऱ्या वाणाच्या नावावर खपवता येत नाही, मग जिवाणूची जात तीच का असेना.

वाटीभर दही

महाराष्ट्रात परीक्षेला किंवा मोठ्या कामाला निघालेल्याच्या हातावर दही ठेवण्याची रीत आहे. ती शुभशकुनाची, तिच्यात जिवाणूशास्त्र शोधण्याचा मोह टाळलेला बरा. घरच्या विरजणात जिवंत जिवाणू विपुल असतात, परंतु ते कोणते आणि किती, हे घराघरांत आणि ऋतूनुसार बदलते. म्हणून काटेकोर अर्थाने घरच्या दह्याला प्रोबायोटिक म्हणता येत नाही. दही-ताक उत्तम अन्न आहे, एवढे त्याच्यासाठी पुरेसे आहे. कढी उकळली की जिवाणू मरतात. रात्रभर आंबवून शिजवलेल्या आंबिलीचे आणि इडलीचेही तेच. अमेरिकेत 710 महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या 2015 च्या पाहणीत आंबवलेले पदार्थ अधिक खाणाऱ्यांत, विशेषतः मूळच्या चिंताळू स्वभावाच्या विद्यार्थ्यांत, चारचौघांत वावरण्याची भीती कमी आढळली होती. पण अशा पाहणीतून दही खाल्ल्याने भीती गेली, की कमी भित्री मुले अधिक चवीने खातात, हे कळत नाही.

विकतची पुडी घ्यायचीच असेल, तर वेष्टनावर जिवाणूच्या नावापुढे वाणाचा क्रमांक आहे का, आणि जिवंत जिवाणूंची संख्या दिली आहे का, ते पाहावे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या 2016 च्या नियमांत दिवसाच्या मात्रेत किमान दहा कोटी जिवंत जिवाणूंची अपेक्षा धरली आहे. निरोगी माणसाला पोट फुगणे वा वायू होणे यापलीकडे सहसा त्रास होत नाही. गंभीर आजारी किंवा प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णांची गोष्ट मात्र वेगळी आहे. नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाच्या रुग्णांवर झालेल्या आणि 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रोबायोटिक घेणाऱ्यांपैकी 16 टक्के, तर न घेणाऱ्यांपैकी 6 टक्के रुग्ण दगावले होते. अशा रुग्णांना डॉक्टरांना न विचारता ही पुडी देऊ नये.

आठवड्यांमागून आठवडे टिकणारी चिंता, उडालेली झोप, छातीतील धडधड आणि त्यापायी अडलेले रोजचे व्यवहार, ही चिंताविकाराची लक्षणे असू शकतात. त्यावर विचार व वर्तन बदलण्याचे मानसोपचार आणि सर्ट्रालिनसारखी औषधे यांचा उपयोग मोठ्या चाचण्यांतून सिद्ध झालेला आहे. चालू असलेले औषध प्रोबायोटिकच्या भरवशावर स्वतःहून बंद करू नये. ते अचानक थांबवल्यास चक्कर, अस्वस्थता असा त्रास उद्भवू शकतो. पुडी घेत असल्यास तीही डॉक्टरांच्या कानावर घालावी. ज्यांना प्रत्यक्ष भेटीचा संकोच वाटतो, त्यांच्यासाठी केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू केलेली 'टेली-मानस' ही दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध असून तेथे मराठीतूनही बोलता येते.