बर्मिंगहॅममधला ईस्टर : पाळकाची जागा कुठे?

ईस्टरवरचं व्याख्यान म्हटल्यावर आपण येरुशलेमबद्दल ऐकायला मिळेल अशी अपेक्षा केली असेल. मी मात्र आज आपल्याला अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, बर्मिंगहॅम नावाच्या पोलाद कारखान्यांच्या शहरात नेणार आहे. काळ आहे एप्रिल १९६३. याचं कारण सरळ आहे. पुनरुत्थानावर विश्वास आहे असं म्हणणं सोपं असतं. त्या विश्वासाचा अर्थ काय, हे मात्र एखाद्या ठरावीक गावात, ठरावीक तारखेलाच कळतं. त्या वर्षी बर्मिंगहॅममध्ये दोन बॅप्टिस्ट पाळकांपुढे एकच प्रश्न उभा राहिला : ईस्टरच्या रविवारी पाळकाची जागा कुठे? एक कृष्णवर्णीय होता, एक गोरा. दोघांची उत्तरं वेगळी आली, आणि दोन्ही उत्तरं समजून घेण्यासारखी आहेत.

आधी बॅप्टिस्ट म्हणजे काय, ते थोडक्यात पाहू. आपल्याकडे या पंथाशी पहिली गाठ पडते ती विल्यम केरींमुळे. १८०५ साली मराठीचं व्याकरण छापणारे श्रीरामपूरचे केरी हे बॅप्टिस्टच. पंथाचा उगम १६०९च्या सुमाराचा. इंग्लंडमधून परागंदा झालेल्या काही लोकांनी अ‍ॅमस्टरडॅममध्ये ठरवलं, की तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा करायचा नाही. ज्याला कळतं, जो स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करतो, त्याचाच बाप्तिस्मा व्हायचा. म्हणजे धर्म जन्माने मिळत नाही, तो स्वीकारावा लागतो. त्यांच्यातले टॉमस हेल्विस १६१२ साली लंडनला परतले आणि त्यांनी लिहिलं, की राजाला प्रजेच्या आत्म्यावर अधिकार नाही, मग ती प्रजा ज्यू असो की मुसलमान. या लिखाणापायी ते तुरुंगात गेले. बॅप्टिस्ट आणि तुरुंग यांचं नातं असं पहिल्या पिढीपासूनचं आहे.

दुसरं वैशिष्ट्य आजच्या विषयासाठी जास्त महत्त्वाचं. बॅप्टिस्टांत बिशप नसतो. प्रत्येक स्थानिक मंडळी स्वतंत्र असते. ('मंडळी' हा शब्द मी मराठी ख्रिस्ती समाजात वापरतात त्या अर्थाने वापरतोय, म्हणजे एका चर्चचे सभासद.) ही मंडळी स्वतःचा पाळक स्वतः बोलावते, त्याचा पगार देते, आणि पटलं नाही तर त्याला निरोपही देते. वरून हुकूम येत नाही. बदली होत नाही. पाळक आणि त्याची माणसं, मध्ये कुणी नाही.

आता ही रचना अमेरिकेच्या दक्षिणेत नेऊन ठेवा. गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी म्हणून पाठवायचं की नाही, या वादातून १८४५ साली दक्षिणेतले गोरे बॅप्टिस्ट वेगळे झाले आणि त्यांनी आपली स्वतंत्र संघटना उभारली. यादवी युद्धानंतर मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांनीही आपापली चर्चेस काढली. त्यांतली बरीचशी बॅप्टिस्ट होती, कारण चार माणसं जमली, एक उपदेशक मिळाला की मंडळी उभी राहते, कुणाची परवानगी लागत नाही. आणि यातून एक विलक्षण गोष्ट घडली. कृष्णवर्णीय शिक्षकाला गोरं शिक्षण मंडळ कामावरून काढू शकत होतं, मजुराला मालक काढू शकत होता. पाळकाला कोण काढणार? त्याचा पगार त्याचीच माणसं नाणं नाणं गोळा करून देत होती. अख्ख्या समाजात ज्याची भाकरी गोऱ्यांच्या हातात नव्हती असा हा माणूस. नागरी हक्कांच्या लढ्यात इतके पाळक पुढे का दिसतात, याचं अर्धं उत्तर इथे आहे.

बर्मिंगहॅममध्ये असे पाळक होते फ्रेड शटल्सवर्थ, बेथेल बॅप्टिस्ट चर्चचे. १९५६च्या नाताळच्या रात्री त्यांच्या घरावर बॉम्ब टाकला गेला. घर कोसळलं, ते वाचले, आणि दुसऱ्याच दिवशी बसमध्ये गोऱ्यांच्या जागांवर बसायला लोकांना घेऊन निघाले. त्यांच्याच आग्रहावरून मार्टिन ल्यूथर किंग १९६३ साली बर्मिंगहॅमला आले. किंग तेव्हा अटलांटाच्या एबेनेझर बॅप्टिस्ट चर्चमध्ये वडिलांबरोबर सहपाळक होते.

ही मोहीम ईस्टरच्या तोंडावर घ्यायची, हे विचारपूर्वक ठरलं होतं. तिथे नाताळाखालोखाल मोठी खरेदी ईस्टरची. लहान मुलांना नवे कपडे, बायकांना नवी हॅट. आपल्याकडच्या दिवाळीची कल्पना करा. ज्या दुकानात कपडे विकत घ्यायचे, त्याच दुकानाच्या उपाहारगृहात कृष्णवर्णीयाला बसता येत नव्हतं. तेव्हा ठरलं, की यंदा खरेदी नाही. ३ एप्रिलला सुरुवात झाली. सणाला जुनेच कपडे घालायचे. गरीब माणसाला आपल्या लेकरांचा नवा कपडा सोडणं किती जड जातं, ते वेगळं सांगायला नको. उपवासकाळात लोक मांस सोडतात, गोड सोडतात. या लोकांनी ईस्टरचा नवा सदरा सोडला.

आणि सभा कुठे व्हायच्या? रोज रात्री चर्चमध्ये. आधी गाणी, मग प्रार्थना, मग भाषण, आणि शेवटी आवाहन. बॅप्टिस्ट उपासनेच्या अखेरीस पाळक हाक देतो, की ज्याला ख्रिस्ताचा स्वीकार करायचा आहे त्याने पुढे यावं. इथे तीच हाक होती, फक्त पुढे यायचं ते तुरुंगात जाण्यासाठी. पुढे येणाऱ्याला एका प्रतिज्ञापत्रावर सही करावी लागे. त्यात दहा कलमं होती, आणि येशूच्या जीवनाचं व शिकवणुकीचं रोज चिंतन करीन, हे पहिलंच कलम होतं. म्हणजे उपासनेचा साचा तोच राहिला, तिचं फळ बदललं.

७ एप्रिलला झावळ्यांचा रविवार होता. त्या दिवशी तीन बॅप्टिस्ट पाळकांनी मोर्चा काढला आणि त्यांना अटक झाली. १० तारखेला न्यायालयाने मोर्च्यांना मनाई केली. गुरुवारी रात्री कळलं, की जामिनाचे पैसे संपले. सुमारे ३०० माणसं आत गेलेली, आणि त्यांना सोडवायला पैसा नाही.

गुड फ्रायडेची सकाळ, १२ एप्रिल. गॅस्टन मोटेलची ३० नंबरची खोली. सहकारी जमले होते. किंगनी बाहेर राहून पैसे उभे करावेत असं अनेकांचं म्हणणं होतं, आणि ते मुळीच मूर्खपणाचं नव्हतं. पैसे गोळा करू शकणारा माणूस तोच होता. शिवाय परवा ईस्टर. पाळकाने वर्षातून एका रविवारी तरी आपल्या मंडळीसमोर उभं राहायला हवं, तर तो हाच. पण ज्यांना मी आत जायला सांगितलं ते आत आहेत, मग मी बाहेर कसा, हा प्रश्न किंगना सोडवेना. ते दुसऱ्या खोलीत गेले, एकटे थांबले, आणि परतले ते मजुराची जाड निळी जीन्स आणि कामाचा सदरा घालून. बोलण्याची गरज उरली नाही. त्या दुपारी ते आणि त्यांचे मित्र राल्फ अ‍ॅबरनॅथी यांना अटक झाली. अ‍ॅबरनॅथीही अटलांटाचेच बॅप्टिस्ट पाळक. रविवारी दोघांच्याही मंडळ्या आपापल्या पाळकाशिवाय ईस्टरच्या उपासनेला बसल्या.

आता दुसऱ्या पाळकाकडे वळू. अर्ल स्टॉलिंग्ज, बर्मिंगहॅमच्या फर्स्ट बॅप्टिस्ट चर्चचे. मंडळी गोऱ्यांची. शहरातल्या आठ धर्मगुरूंनी गुड फ्रायडेलाच एक निवेदन काढलं, त्यांपैकी हे एक. बाकीच्यांत बिशप होते, एक ज्यू रब्बीही होते. ही द्वेष करणारी माणसं नव्हती हे लक्षात घ्या. याच गटाने त्याच वर्षी जानेवारीत, वर्णभेद मोडणारे न्यायालयाचे निकाल पाळा असं गोऱ्या समाजाला सांगितलं होतं. आता ते म्हणत होते, की मोर्चे अकाली आहेत, थांबा, न्यायालयात जा. किंगचं प्रसिद्ध पत्र हे त्या निवेदनाला उत्तर आहे. कोठडीत, वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडांवर त्यांनी ते लिहायला घेतलं. त्यावर १६ एप्रिलची तारीख आहे. त्यात सॉक्रेटिस आहे, ऑगस्टीन आहे, अ‍ॅक्वायनस आहे, बूबर आहे. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याने ते मूळ पाठ म्हणून वाचावं. पण त्याचा गाभा एका साध्या शब्दावर उभा आहे, 'थांबा'. हा शब्द कोण कुणाला सांगतो, यावर त्याचा अर्थ ठरतो, हे त्या पत्राचं म्हणणं. गुड फ्रायडे आणि ईस्टर यांच्यामध्ये एक शनिवार असतो. ज्याच्या घरी मृत्यू झालेला नाही, त्याला शनिवार लांब वाटत नाही.

मधल्या रविवारी काय झालं? १४ एप्रिल. (आपल्याकडे ही तारीख बाबासाहेबांची जयंती. हा निव्वळ योगायोग आहे, त्याला आणखी अर्थ चिकटवू नये. पण लक्षात ठेवायला सोपी पडते.) त्या दिवशी काही कृष्णवर्णीय उपासक गोऱ्यांच्या चर्चेसच्या दारांत जाऊन उभे राहिले. काही ठिकाणी त्यांना परत पाठवलं गेलं. फर्स्ट बॅप्टिस्टमध्ये त्यांना आत घेतलं. उपासना संपल्यावर स्टॉलिंग्ज यांनी त्यांच्याशी हस्तांदोलन केलं. दोनच दिवसांपूर्वी निवेदनावर सही करणारा हाच माणूस. आणि किंगनी ज्या पत्रात आठही जणांना धारेवर धरलं, त्याच पत्रात स्टॉलिंग्ज यांचं नाव घेऊन या कृतीबद्दल कौतुक केलं. प्रतिपक्षाने केलेलं चांगलं काम नोंदवायला किंग विसरले नाहीत.

स्टॉलिंग्ज यांना मात्र दोन्हीकडून मार बसला. एकीकडे ज्या पत्राने त्यांना दोष दिला ते जगप्रसिद्ध झालं, दुसरीकडे त्यांच्याच मंडळीतल्या वर्णभेदवाद्यांना ते हस्तांदोलन सहन झालं नाही. १९६५ मध्ये ते तिथून बाहेर पडले. पुढे १९७० साली त्याच चर्चमध्ये कृष्णवर्णीय सभासद घ्यायचे का, या प्रश्नावर मंडळी फुटली.

इथे माझा मुद्दा येतो. दोघांची रचना एकच. बिशप नाही, मंडळी सर्वाधिकारी. या रचनेने कृष्णवर्णीय पाळकाला मोकळं केलं, कारण त्याची मंडळी आणि न्याय एकाच बाजूला होते. त्याच रचनेने गोऱ्या पाळकाला बांधून टाकलं, कारण त्याची भाकरी ज्यांच्या हातात होती, त्यांचंच हित न्यायाच्या आड येत होतं. म्हणून संस्था स्वायत्त आहे एवढ्याने ती न्यायी ठरत नाही. उलट बाजूही सांगतो. बर्मिंगहॅमचे सगळे कृष्णवर्णीय पाळक किंगबरोबर नव्हते. त्यांच्यातल्या कित्येकांनी अंग चोरलं, आणि किंगनी त्यांना तोंडावर सुनावलं. स्वातंत्र्य रचनेतून मिळतं. धैर्य मिळत नाही, ते ज्याचं त्याने आणावं लागतं.

यात आपल्याशी जोडलेला एक धागा आहे. किंग १९५९ मध्ये भारतात आले होते, मुंबईत मणिभवनात राहिले होते. परतल्यावर त्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी त्यांनी मंडळीपुढे प्रवचन केलं ते गांधीजींवर. बॅप्टिस्ट व्यासपीठावरून, पवित्र आठवड्याच्या आरंभी, एका हिंदू माणसाविषयी. चार वर्षांनी तुरुंगात जाताना त्यांच्या मनात कालवरीचा क्रूस होता, आणि मला वाटतं, येरवडाही दूर नव्हतं.

शेवट गोड झाला असं सांगता येत नाही. २० एप्रिलला किंग सुटले. मे महिन्यात तडजोड झाली, दुकानं खुली झाली. पण १५ सप्टेंबरला, रविवारी, सिक्स्टीन्थ स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्चमध्ये बॉम्ब फुटला आणि चार मुली गेल्या. त्यांतल्या तिघी १४ वर्षांच्या, एक ११ची. तिघींच्या अंत्यविधीला किंगच बोलले. लेकरं गमावलेल्या आयांसमोर उभं राहायचं, हेही पाळकाचंच काम. आणि ईस्टरच्या त्या मनाईभंगाची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली ५ विरुद्ध ४ मतांनी कायम केली. किंगना त्यासाठी पुन्हा तुरुंगात जावं लागलं.

मग पुनरुत्थान कुठे आहे? शुभवर्तमानात त्या पहाटे कबरीपाशी गेलेल्या स्त्रियांना येशू तिथे सापडत नाही. तो तुमच्या पुढे गालीलात गेला आहे, असा निरोप त्यांना मिळतो. गालील म्हणजे त्यांचं रोजचं जगणं, कोळ्यांची गावं, करवसुली, आजारी माणसं. त्याला भेटायचं असेल तर तिथे परत जावं लागेल. १९६३च्या ईस्टरला एबेनेझरच्या व्यासपीठावर त्यांचा तरुण पाळक नव्हता. तो कुठे आहे हे मंडळीला ठाऊक होतं. त्या दिवशी त्यांना याहून चांगलं प्रवचन मिळालं असतं, असं मला वाटत नाही.

आता प्रश्न घेऊ.