भूजलातील लोह व मँगॅनीज निर्मूलन

भूजलात विरघळलेले लोह व मँगॅनीज यांचे अविद्राव्य संयुगांत रूपांतर करून ती गाळून काढण्याच्या जलशुद्धीकरण प्रक्रियेस भूजलातील लोह व मँगॅनीज निर्मूलन असे म्हणतात. ही दोन मूलद्रव्ये बहुधा जोडीने आढळतात, म्हणून त्यांचा विचारही एकत्र केला जातो. मात्र पाण्यातील त्यांचे वर्तन सारखे नाही. लहान योजनांत लोह निघून जाते आणि मँगॅनीज मागे राहते, त्याचे कारण या फरकात आहे.

उगम व लक्षणे

खडक आणि गाळाच्या थरांतील लोहाची व मँगॅनिजाची ऑक्साइडे एरवी पाण्यात विरघळत नाहीत. भूगर्भात प्राणवायू संपला, विशेषतः थरांत कुजणारे सेंद्रिय द्रव्य असले, की त्यांचे क्षपण होऊन ती द्विसंयुजी रूपात पाण्यात उतरतात. नलिकाकूपातून उपसलेले असे पाणी प्रथम नितळ दिसते. हवा लागल्यावर काही वेळाने ते गढूळ व तांबूस होते आणि तळाशी गंजासारखा साका बसतो. लोहामुळे कपड्यांवर व भांड्यांवर तांबूस डाग पडतात, मँगॅनिजामुळे काळे. लोहयुक्त पाण्याचा चहा काळपट होतो. चहातील टॅनिन व लोह यांच्या संयोगाचा हा परिणाम असून हिरडा व लोह यांपासून शाई करण्याची जुनी रीत याच रासायनिक क्रियेवर आधारलेली होती. पेरूचे पान चुरगळून पाण्यात टाकल्यास पाणी जांभळट-काळे होते, ही लोहाची घरगुती परीक्षा होय. मँगॅनिजासाठी इतकी सोपी परीक्षा नाही. त्याकरिता रासायनिक चाचणीचा आधार घ्यावा लागतो.

भारतात आसाम, त्रिपुरा, पश्चिम बंगाल, ओडिशा व केरळ या राज्यांतील अनेक भागांत भूजलातील लोहाचा प्रश्न आहे. गंगेच्या त्रिभुज प्रदेशात हातपंपाच्या ओट्यावरील डागांवरूनही पाण्याचा अंदाज घेतला जातो. तांबडा ओटा लोहाचा आणि त्याबरोबर संभाव्य आर्सेनिकाचा, तर काळा ओटा मँगॅनिजाचा निदर्शक मानतात. काळ्या ओट्याच्या पाण्यात आर्सेनिक सहसा कमी असते, परंतु तेवढ्यावरून ते निर्दोष ठरत नाही.

आरोग्य व मानके

पिण्याच्या पाण्यात सामान्यतः आढळणारे लोह आरोग्यास घातक समजले जात नाही. खरा धोका अप्रत्यक्ष आहे. चव व रंग न रुचल्याने लोक नलिकाकूप सोडून उघड्या विहिरीचे किंवा तळ्याचे जंतुयुक्त पाणी वापरू लागतात. मँगॅनिजाची गोष्ट निराळी आहे. त्याचे प्रमाण दीर्घकाळ अधिक राहिल्यास मज्जासंस्थेवर, विशेषतः बालकांच्या, परिणाम होण्याची शक्यता लक्षात घेऊन जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये दर लिटरला ०.०८ मिलिग्रॅम हे तात्पुरते मार्गदर्शक मूल्य दिले. बाटलीच्या दुधावर वाढणाऱ्या तान्ह्या मुलांबाबत अधिक काळजी घेणे आवश्यक ठरते. भारतीय मानक १०५०० (२०१२) नुसार मँगॅनिजाची स्वीकार्य मर्यादा ०.१ मिलिग्रॅम असून अन्य स्रोत नसल्यास ०.३ पर्यंत मुभा आहे. लोहाची मर्यादा ०.३ होती, नंतरच्या दुरुस्तीने ती १.० करण्यात आली.

प्रक्रिया

सर्वांत सोपा उपाय वायुमिश्रणाचा. पाणी फवारून किंवा पायऱ्यांवरून खाली सोडून त्यात हवा मिसळली जाते. १ मिलिग्रॅम लोहाच्या ऑक्सिडीभवनास केवळ ०.१४ मिलिग्रॅम ऑक्सिजन पुरतो. तेव्हा अडचण हवेच्या प्रमाणाची नसून वेगाची असते, आणि हा वेग पाण्याच्या सामूवर अवलंबून असतो. सामू एका अंकाने वाढला की लोहाच्या ऑक्सिडीभवनाचा वेग सुमारे शंभर पटींनी वाढतो. सामू ७ च्या वर असेल तर काम लवकर होते. फवारणीने पाण्यातील कार्बन डाय-ऑक्साइड उडून जातो व सामू थोडा चढतो, हा तिचा दुसरा लाभ. आम्लधर्मी पाण्यात चुना घालावा लागतो. लोह ह्युमिक द्रव्यांशी बांधलेले असल्यास मात्र नुसती हवा पुरत नाही.

मँगॅनीज हवेने इतक्या सहजासहजी दबत नाही. निव्वळ हवेने ते वेगाने अविद्राव्य होण्यास सामू ९.५ च्या आसपास लागतो, आणि पिण्याच्या पाण्यात तो ठेवणे व्यवहार्य नसते. म्हणून क्लोरीन, पोटॅशियम परमँगनेट किंवा ओझोन वापरतात. परमँगनेटची मात्रा अधिक झाल्यास पाणी गुलाबी होते, त्यामुळे मात्रा बेताची ठेवावी लागते. दुसरा मार्ग मँगॅनीज डाय-ऑक्साइडचा लेप असलेल्या वाळूचा. हा लेप मँगॅनीज धरून ठेवतो व त्याचे ऑक्सिडीभवन घडवतो. लेप स्वतः उत्प्रेरकाचे काम करत असल्याने जुनी, काळी पडलेली वाळू नव्या पांढऱ्या वाळूपेक्षा गुणकारी ठरते. वाळू बदलताना सगळी एकदम टाकून देण्याची घाई म्हणूनच योजनेस महागात पडते.

वाळूवर वाढणारे जिवाणूही हे काम करतात. त्यांचा क्रम बहुधा ठरलेला असतो: आधी लोह जाते, मग अमोनिया, आणि शेवटी मँगॅनीज. लोह व अमोनिया जास्त असल्यास एका निस्यंदकात तिन्हींचे निर्मूलन होईलच असे नाही. तेथे दोन टप्प्यांची गाळण लागते.

इतिहास

बर्लिनमधील टेगेल जलकेंद्र १८७७ मध्ये विहिरींच्या पाण्यावर सुरू झाले. लोह व क्रेनोथ्रिक्स हे लोहजिवाणू यांनी नळ भरू लागल्याने शहराला ते पाणी सोडून सरोवराच्या पाण्याकडे वळावे लागले. पुढे कार्ल पीफके या अभियंत्याने कोक भरलेल्या मनोऱ्यांतून पाणी ओघळू देण्याची पद्धत वापरात आणली, आणि लोह काढण्याची सोय झाल्यावर बर्लिन पुन्हा भूजलाकडे आले. आजही तेथे हवा व वाळू यांवरच भिस्त आहे. ब्रेस्लाऊ (आताचे पोलंडमधील व्रोत्स्वाफ) येथे १९०६ मध्ये ओडर नदीच्या पुरानंतर विहिरींतील लोह व मँगॅनीज एकाएकी इतके वाढले की नव्याने सुरू केलेली भूजल योजना संकटात सापडली. मँगॅनिजाच्या अभ्यासाला या घटनेने चालना मिळाली.

आसामात वाळू, खडी व लाकडी कोळसा यांचे घरगुती गाळणे पूर्वापार वापरात आहे. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने (नीरी) हातपंपाला जोडता येईल असे लोहनिर्मूलन संयंत्र विकसित केले.

देखभाल

निस्यंदकात साका साचत जातो, प्रवाह मंदावतो आणि त्यास उलट दिशेने पाणी सोडून धुवावे लागते. हातपंपाच्या संयंत्रात हेच काम वरची वाळू खरवडून व धुऊन करतात. यांत चूक झाली तर साका फुटून नळांत उतरतो व लोक यंत्रणेलाच दोष देतात. पुष्कळ ठिकाणी संयंत्र बिघडून नव्हे, तर धुण्याची जबाबदारी कोणाची हे न ठरल्याने बंद पडते. पाणी स्वच्छ दिसू लागल्यावर तपासणी थांबवणे ही दुसरी सार्वत्रिक त्रुटी होय. लोहासोबत मँगॅनीजही ठराविक काळाने मोजणे आवश्यक असते. धुण्याच्या पाण्यातून निघालेला तांबडा साका आर्सेनिकयुक्त भागात उघड्यावर किंवा विहिरीजवळ टाकता येत नाही, कारण लोहाबरोबर आर्सेनिकही त्यात अडकलेले असते. तो अस्तर लावलेल्या खड्ड्यात वाळवून वेगळा ठेवावा लागतो.