ब्लॉकवरचे तीन ठसे

1967 सालची शेवरोले कॉर्व्हेट, 427 घनइंची इंजिन, 435 अश्वशक्ती. अमेरिकेत अशा गाडीचं बॉनेट उघडलं की बघे वरच्या तीन कार्ब्युरेटरांवर खूश होतात. जाणकार मात्र टॉर्च घेऊन उजव्या सिलिंडर हेडच्या पुढ्यात वाकतो. तिथे ब्लॉकवर एक छोटी सपाट पट्टी असते, तिच्यावर ठोकलेली अक्षरं त्याला वाचायची असतात. ती जुळली तर गाडी ‘मॅचिंग नंबर्स’, म्हणजे कारखान्यात बसवलेलं इंजिन अजून तिच्यातच आहे. मग भावाचं बोलणं वेगळं. ज्यांनी ते ठसे मारले त्यांच्या मनात मात्र यातलं काहीही नव्हतं. आपापल्या खात्याचा हिशेब नीट राहावा, एवढाच त्यांचा हेतू.

कॉर्व्हेट 1953 मध्ये मिशिगनमधल्या फ्लिंटला सुरू झाली. पहिल्या वर्षी गाड्या 300, सगळ्या सहा सिलिंडरच्या. त्या वेळी कुणाच्या इंजिनाची ओळख पटवायचा प्रश्नच नव्हता. 1955 मध्ये एड कोलच्या देखरेखीखाली तयार झालेलं व्ही-8 आलं आणि गुंता वाढला. तेच इंजिन साध्या सेदानमध्ये, तेच पिकअपमध्ये, तेच थोडं तिखट करून कॉर्व्हेटमध्ये. वरून बघून फरक कळेना, तेव्हा खुणा लागल्या.

पहिली खूण फाउंड्रीची. बीड ओततानाच साच्यातून आकडे उमटतात, म्हणून ते उठावाचे असतात. आपल्या या 1967 च्या गाडीला ब्लॉक हवा 3904351 नंबरचा. शिवाय ओतकामाची तारीखही असते. C 3 7 म्हणजे मार्चची 3 तारीख, साल 7 वर संपणारं. जानेवारीला A, डिसेंबरला L. दशक लिहायची गरज फाउंड्रीला वाटली नाही. गेल्या आठवड्यातला ब्लॉक दहा वर्षांपूर्वीचा असेल अशी शंका तिथे कोण घेणार? आज मात्र 57, 67 की 77 हे ब्लॉकच्या नंबरावरून ताडावं लागतं.

दुसरा ठसा इंजिन बांधणाऱ्या कारखान्याचा. T0315JE हे उदाहरण घ्या. T म्हणजे न्यूयॉर्क राज्यातलं टोनावांडा, 0315 म्हणजे 15 मार्च आणि JE म्हणजे हेच 435 अश्वशक्तीचं इंजिन. छोटी व्ही-8 फ्लिंटला बांधली जात, त्यांच्यावर कारखान्याचं अक्षर वेगळं.

तिसरा ठसा गाडी जुळवणाऱ्या सेंट लुईसच्या कारखान्यात, 1960 च्या सुमारास सुरू झालेला. सालाचा आकडा आणि गाडीच्या नंबरातले शेवटचे सहा आकडे त्याच पट्टीवर ठोकायचे. इंजिन आणि गाडी यांची गाठ पडते ती इथे. तिन्ही खुणांचा क्रम चुकून चालत नाही: आधी ओतकाम, मग बांधणी, मग गाडी. गाडी एप्रिलमध्ये बाहेर पडलेली आणि ब्लॉक जूनमध्ये ओतलेला असेल, तर पुढे बघायचं कारणच उरत नाही.

या गाड्या पळवण्यासाठी घेतल्या जात, त्यामुळे इंजिनं फुटतही. साठच्या दशकाच्या अखेरीस हमीच्या मुदतीत इंजिन गेलं तर कंपनी बदली इंजिन देई, त्यावर CE ठोकलेलं असे. मालक खूश, जुना ब्लॉक भंगारात. तेव्हा ते कुणाला खटकलं नाही. पुढे 1974 मध्ये नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटी स्थापन झाली. गाडी कारखान्यातून निघाली तशी आहे का, हे खुणांसकट तपासून गुण देण्याची शिस्त रुजली आणि गुणांच्या मागोमाग पैसा आला.

पैसा आला तसे खोटे ठसेही आले. 1967 मध्ये 435 अश्वशक्तीच्या इंजिनाच्या गाड्या निघाल्या 3,754, पण 427 चा ब्लॉक इम्पालासारख्या मोठ्या घरगुती गाड्यांतही जात होता. तसा एखादा मिळवायचा, पट्टी घासायची, JE ठोकायचं. आपल्याकडे आरसी बुकात चासी नंबराशेजारी इंजिन नंबरही असतो, त्यामुळे निदान कागद तरी बोलतो. तिथे कोणत्या गाडीत कोणतं इंजिन गेलं याची यादीच शेवरोलेने जपलेली नाही. 1967 च्या सुमारास पेट्रोलच्या टाकीवर ऑर्डरचा कागद चिकटवायला लागले. तो गंजातून वाचला तर इंजिन कोणत्या प्रकारचं मागवलं होतं एवढं कळतं; नेमकं कोणतं बसवलं, ते नाही.

म्हणून जाणकार अक्षरांच्या आधी धातू वाचतात. हेड जिथे बसतं तो पृष्ठभाग आणि ही पट्टी कारखान्यात एकाच वेळी ब्रोचिंग मशीनवर तासली जात. त्या दातेरी हत्याराने पुढून मागे जाणाऱ्या बारीक, समांतर रेषा उमटत. अस्सल पट्टीवर त्या तिरप्या उजेडात दिसतात आणि अक्षरांच्या मधूनही जातात. घासलेली पट्टी गुळगुळीत असते किंवा तिच्यावर गोल फिरणाऱ्या कटरचे वळसे असतात. शिवाय टोनावांडाचा ठसा आणि सेंट लुईसचा ठसा दोन वेगळ्या हातांचे, दोन वेगळ्या दिवशीचे. दोन्हींची खोली आणि ओळ तंतोतंत सारखी दिसली तर समजावं, ठोकणारा हात एकच होता.

यात एक अन्याय आहे. इंजिनाचं काम निघालं की वर्कशॉपवाला पृष्ठभाग सपाट करायला फेस मारतो, आणि पट्टी त्याच पातळीत असल्याने ठसाही पुसला जातो. म्हणजे अस्सल ब्लॉकही प्रामाणिक दुरुस्तीत निनावी होऊ शकतो. असा मालक मग अडकतो: ठसे पुन्हा ठोकले तर खोटेपणाचा शिक्का, नाही ठोकले तर भाव पडतो. काहीजण खरेच आकडे पुन्हा ठोकतात आणि विकताना ते सांगत नाहीत. मला हेही फसवणुकीतच मोडतं असं वाटतं, आकडे खरे असले तरी.

तेव्हा अमेरिकेत कुणी अशी गाडी घेणार असेल, तर बॉनेटच्या चकचकीत फोटोंआधी पट्टीचा जवळून काढलेला फोटो मागवावा. रेषा दिसत नसतील तर गाडी आवडली म्हणून जरूर घ्यावी, पण ‘मॅचिंग’चे पैसे मोजू नयेत. उघडपणे CE मिरवणारा बदली ब्लॉक नव्याने ठोकलेल्या JE पेक्षा केव्हाही बरा.