तक्ता ग्राहकाचा, लेखणी कोणाची?

सॉफ्टवेअर खरोखर पूर्ण झाले, हे ठरवायचे कोणी? ज्याच्यासाठी ते बनले त्याने, असे ‘एक्स्ट्रीम प्रोग्रामिंग’च्या प्रवर्तकांचे उत्तर होते. त्यांच्यापैकीच एक वॉर्ड कनिंगहॅम. होय, विकीचे जनक तेच!

२००२ साली त्यांनी ‘फिट’ हे साधन घडवले. कल्पना विलक्षण साधी होती. ग्राहकाने आपला नियम उदाहरणांच्या तक्त्यात मांडावा. समजा, ४० तासांपुढील कामाला दीडपट मोबदला आहे. मग ताशी १० डॉलर दराने ४२ तासांचे ४३० डॉलर झाले पाहिजेत. तक्ता आणि प्रणाली यांना जोडणारा छोटा दुवा, ‘फिक्श्चर’, प्रोग्रामरने लिहायचा. पुढची पडताळणी यंत्राची: उत्तर जुळले की रकाना हिरवा, चुकले की लाल. हिशेबनीसालाही वाचता येईल अशी ही चाचणी.

प्रत्यक्षात ग्राहक फिरकलेच नाहीत. तक्ते लिहिण्याचे काम परीक्षक आणि प्रोग्रामर यांच्याच गळ्यात पडले. ही कबुली २०१० मध्ये दिली ती जेम्स शोर यांनी, ज्यांनी फिट प्रकल्पाची धुरा वाहिली होती. अशा चाचण्यांची शिफारस करणेच त्यांनी सोडले.

तोवर, २००८ मध्ये, अस्लाक हेलेसॉय यांचे ‘क्युकंबर’ आले होते. तेथे तक्त्यांहून साध्या वाक्यांवर भर होता, आणि त्यांचे बीजशब्द पुढे मराठीतही उपलब्ध झाले. ‘जर’ कामाचे तास ४२ असतील, ‘जेव्हा’ वेतन काढले जाईल, ‘मग’ ४३० डॉलर मिळावेत, असे लिहिले तरी यंत्र ते पडताळते. दुवा लिहिण्याचे काम येथेही प्रोग्रामरचेच.